उन्हाळ्यातील जलाशयाचे स्तरीकरण आणि अधांतरी बास माशाचा शोध : टेबल रॉक जलाशयाच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

उन्हाळ्यात खोल जलाशयातील पाणी तापमानानुसार थरांत विभागले जाते. वरचे उबदार पाणी व खालचे थंड पाणी यांच्यामध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक थर तयार होतो. त्यास 'थर्मोक्लाइन' म्हणतात. अमेरिकेतील जलाशयांत या काळात बास मासे काठ व तळ दोन्ही सोडून खोल पाण्याच्या मधोमध, या थराच्या आसपास अधांतरी थांबलेले आढळतात. प्रस्तुत लेखात या वर्तनामागील भौतिक, रासायनिक व जैविक कारणे, अशा माशाचा शोध घेण्याची व त्याला गळाने पकडण्याची पद्धत आणि त्यातून उद्भवणारी जबाबदारी यांचे विवेचन केले आहे. माशाची खोली ठरविणारी सीमा प्रामुख्याने प्राणवायूची असते, तापमानाची नव्हे. ज्या ज्ञानामुळे हा मासा सापडतो, तेच ज्ञान त्याला पकडण्यावर मर्यादाही घालते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीज शब्द : जलाशय, स्तरीकरण, थर्मोक्लाइन, प्राणवायू, बास, वाताशय, सोनार.

१. प्रास्ताविक

भर उन्हाळ्यात खोल विहिरीत सूर मारणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. वरचे पाणी कोमट लागते. मात्र काही हात खाली जाताच अंगावर शहारा आणणारे गार पाणी लागते. हा बदल हळूहळू होत नाही, तो जवळजवळ एका पायरीसारखा जाणवतो. मोठ्या सरोवरांत व धरणांच्या जलाशयांत हीच घटना फार मोठ्या प्रमाणावर घडते आणि तेथील संपूर्ण जीवसृष्टीची उन्हाळ्यातील मांडणी तिच्यावर अवलंबून असते.

उत्तर अमेरिकेत गळाने मासे पकडणे हा कोट्यवधी लोकांचा छंद आहे आणि गोड्या पाण्यातील बास हा त्यांचा विशेष आवडता मासा आहे. 'बास' या नावाखाली तेथे अनेक जाती ओळखल्या जातात. लार्जमाउथ, स्मॉलमाउथ व स्पॉटेड बास या 'मायक्रॉप्टेरस' प्रजातीच्या जाती असून प्रस्तुत लेखाचा रोख त्यांच्यावर आहे. स्ट्राइप्ड बास हा मात्र वेगळ्या कुलातील मासा आहे. त्याचा उल्लेख पुढे तुलनेसाठी येईल.

वसंत ऋतूत हे मासे विणीसाठी उथळ पाण्यात येतात, तेव्हा त्यांना शोधणे तुलनेने सोपे असते. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांतील बरेचसे काठावरून नाहीसे होतात. तळाशीही ते नसतात. मग ते जातात कोठे, या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या घनतेपासून सुरू होते.

२. जलाशय थरांत का विभागला जातो

शुद्ध पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. त्यापेक्षा पाणी तापत जाते तसे ते हलके होते. मात्र हे हलके होणे सर्व तापमानांना सारखे नसते. पाणी ४ वरून ५ अंशांवर गेल्यास घनतेत जेवढा फरक पडतो, त्याच्या सुमारे ३० पट फरक ते २४ वरून २५ अंशांवर गेल्यास पडतो. म्हणूनच उन्हाळ्यात वरच्या व खालच्या पाण्यात थोड्या अंशांचा फरक असला, तरी दोन्ही पाणी एकमेकांत मिसळण्यास वाऱ्याची शक्ती अपुरी पडते. वारा वरचे पाणी ढवळत राहतो, खालचे पाणी मात्र जागच्या जागी राहते.

अशा रीतीने तीन थर तयार होतात : वरचा उबदार व सतत ढवळला जाणारा थर, तळाचा थंड व स्थिर थर आणि या दोहोंमधील संक्रमणाचा थर. खोलीच्या दर मीटरमागे तापमान किमान १ अंशाने उतरत असेल, तर त्या पट्ट्यास थर्मोक्लाइन म्हणण्याचा प्रघात आहे. ही संज्ञा विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड बर्ज यांनी १८९७ मध्ये योजली. त्यांचे संशोधन मॅडिसन येथील विद्यापीठ परिसराला लागूनच असलेल्या मेंडोटा सरोवरातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांवर होते. हे प्राणी विशिष्ट खोलीच्या खाली का जात नाहीत, या प्रश्नाने त्यांचे लक्ष तापमानाच्या उतरंडीकडे वेधले. आज गळ टाकणारा बासविषयी जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न बर्ज यांनी प्लवकांविषयी विचारला होता.

३. खरी सीमा कोणती : तापमान की प्राणवायू

बर्ज व त्यांचे सहकारी चॅन्सी जुडे यांनी विस्कॉन्सिनमधील सरोवरांच्या पाण्यात विरघळलेल्या वायूंचा विस्तृत अभ्यास १९११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून स्पष्ट झाले की, स्तरीकरणाचा जीवसृष्टीवरील मोठा परिणाम प्राणवायूच्या द्वारे होतो.

पाण्यात प्राणवायू दोन मार्गांनी येतो : हवेतून आणि शैवालांच्या प्रकाशसंश्लेषणातून. वरच्या थराला हे दोन्ही मार्ग खुले असतात. तळाच्या थराचा मात्र हवेशी संबंध तुटलेला असतो आणि तेथे प्रकाशही फारसा पोहोचत नाही. वसंतात मिसळलेल्या पाण्याबरोबर मिळालेला साठा हीच त्याची उन्हाळ्याची शिदोरी. वरून खाली पडणारी मृत शैवाले व सेंद्रिय कण तळाशी कुजतात आणि ही शिदोरी खर्च होते. जलाशयात फॉस्फरससारखी पोषकद्रव्ये जितकी अधिक, तितकी शैवाले अधिक आणि तितका तळाचा प्राणवायू लवकर संपतो.

'थर्मोक्लाइनच्या खाली मासा नसतो' हा गळ टाकणाऱ्यांमध्ये प्रचलित असलेला नियम म्हणूनच अर्धसत्य आहे. पोषकद्रव्यांनी समृद्ध अशा जलाशयात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तो बहुतांशी खरा ठरतो. परंतु नितळ व पोषकद्रव्ये कमी असलेल्या सरोवरात तळाचे थंड पाणी उन्हाळाभर प्राणवायूयुक्त राहते आणि ट्राउटसारखे मासे तेथेच वास्तव्य करतात. प्रकाश संक्रमणाच्या थरापर्यंत पोहोचत असेल, तर तेथील शैवालांमुळे त्या थरात प्राणवायू वरच्या पाण्यापेक्षाही अधिक असू शकतो. याउलट काही जलाशयांत नेमक्या त्याच थरात प्राणवायूची घट आढळते. थर्मोक्लाइन ही स्वतः भिंत नव्हे. ज्या जलाशयात तिच्याखालचा प्राणवायू संपलेला असतो, तेथे ती भिंतीसारखी भासते.

बासच्या बाबतीत प्राणवायूचे प्रमाण दर लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास त्याच्यावर ताण येऊ लागतो, सुमारे ३ मिलिग्रॅमच्या खालील पाणी तो शक्यतो टाळतो आणि १ मिलिग्रॅमच्या आसपासचे पाणी उन्हाळी तापमानात त्याच्या जिवावर बेतते. दुसरीकडे, पाणी तापले की त्यात प्राणवायू मावतोही कमी. समुद्रसपाटीच्या दाबाला २० अंश तापमानाच्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम. त्याच वेळी उबदार पाण्यात माशाची चयापचयाची गती वाढलेली असल्याने त्याची प्राणवायूची गरजही वाढलेली असते.

४. टेबल रॉक जलाशयाचे उदाहरण

अमेरिकेतील मिसूरी व आर्कान्सा या राज्यांच्या सीमेवर व्हाइट नदीवर बांधलेले टेबल रॉक धरण १९५८ मध्ये पूर्ण झाले. ओझार्क डोंगराळ प्रदेशातील दऱ्या भरून तयार झालेला हा जलाशय खोल, फाटेफुटीचा व बऱ्याच भागात नितळ आहे. पाणी भरले तेव्हा अनेक ठिकाणी झाडे तशीच उभी राहिली. ती मृत झाडे आजही पाण्याखाली उभी आहेत. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येथील थर्मोक्लाइन साधारणतः २५ ते ३५ फुटांच्या दरम्यान आढळते. साठ-सत्तर फूट खोल पाण्यात उभ्या असलेल्या झाडांचे शेंडे नेमके या पातळीच्या आसपास येतात आणि बास त्या शेंड्यांभोवती थांबलेले दिसतात. खाली तीसहून अधिक फूट पाणी आणि वरही तेवढेच, अशी ही अवस्था असते.

एकाच जलाशयात परिस्थिती सर्वत्र सारखी नसते, हेही येथे दिसते. स्प्रिंगफील्ड शहराजवळून वाहत येणाऱ्या जेम्स नदीच्या फाट्यात पोषकद्रव्यांचे प्रमाण इतर भागांपेक्षा अधिक राहिले आहे. २००१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात फॉस्फरस काढून टाकण्याची व्यवस्था सुरू झाली. शहराच्या सांडपाण्यातील फॉस्फरस आणि शेकडो फूट रुंद जलाशयात माशाने निवडलेली खोली यांचा संबंध असा थेट लागतो.

तळाच्या थराचा पुरावा धरणाच्या खालीही मिळतो. टेबल रॉकमधून सोडलेले खोल थरातील थंड पाणी टॅनीकोमो सरोवरात येते. त्यामुळे तेथे थंड पाण्यातील ट्राउट जगू शकतो. मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत हेच पाणी प्राणवायूविरहित होऊ लागते आणि त्यात कृत्रिमरीत्या प्राणवायू मिसळावा लागतो.

५. बास अधांतरी का थांबतो

बासचे मुख्य अन्न असलेले शॅड जातीचे लहान मासे थव्याने राहतात व प्लवकांवर उपजीविका करतात. प्लवक जेथे, तेथे शॅड आणि शॅड जेथे, तेथे बास, अशी ही साखळी आहे. पहाटे व सायंकाळी शॅडचे थवे पृष्ठभागाजवळ येतात. ऊन चढले की ते खाली सरकतात. परंतु खाली सरकण्यालाही प्राणवायूची मर्यादा असते. वरून प्रखर प्रकाश व उष्ण पाणी, खालून प्राणवायूचा अभाव आणि मधल्या अरुंद पट्ट्यात अन्न, अशा स्थितीत बासने तेथेच थांबणे स्वाभाविक ठरते.

या कोंडीचे तीव्र रूप स्ट्राइप्ड बासमध्ये दिसते. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतील चार्ल्स कूटंट यांनी १९८५ मध्ये अशी मांडणी केली की, या जातीचे प्रौढ मासे सुमारे २५ अंशांपेक्षा उष्ण पाणी टाळतात आणि प्राणवायू दर लिटरला २ ते ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेले पाणीही टाळतात. उन्हाळ्यात या दोन मर्यादा एकमेकींकडे सरकतात. मधला राहण्याजोगा पट्टा अरुंद होतो आणि मासे दाटीने गोळा होतात. लार्जमाउथ बासला उष्ण पाणी अधिक मानवते, त्यामुळे त्याची कोंडी एवढी तीव्र नसते. परंतु तत्त्व तेच आहे.

६. शोधाची पद्धत

अशा माशाचा शोध म्हणजे प्रथम पाण्याचा शोध. त्याच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिली पायरी थराची खोली निश्चित करण्याची. दोरीला तापमापक बांधून दर मीटरला नोंद घेतल्यास तापमान कोठे झपाट्याने उतरते, हे कळते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मासेमारांच्या हाती आलेल्या सोनार यंत्राने हे काम सोपे केले. यंत्राची संवेदनक्षमता वाढविल्यास संक्रमणाच्या थरात अडकलेले प्लवक व कण पडद्यावर एका अस्पष्ट पट्ट्याच्या रूपाने दिसतात. हा पट्टा बोट हलविली तरी जवळपास त्याच खोलीवर सलग दिसत राहतो. तळाचा चढउतार तो अनुसरत नाही, हीच त्याची ओळख. मात्र एका टोकाची नोंद संपूर्ण जलाशयाला लागू करू नये. सतत एका दिशेने वारा वाहिल्यास उबदार पाणी वाऱ्याच्या पुढील टोकाला साचते. तेथे थर्मोक्लाइन खाली दबते व विरुद्ध टोकाला वर येते.

दुसरी पायरी प्राणवायूची. मापकयंत्र असल्यास प्रश्नच नाही. हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेली अनुमापन पद्धतीही त्यासाठी पुरेशी आहे. साधन नसल्यास माशांच्या खुणाच पुरावा देतात. पडद्यावरील सर्व खुणा एका विशिष्ट खोलीच्या वरच संपत असतील, तर त्या खाली प्राणवायू नाही, असे अनुमान करता येते.

तिसरी पायरी अन्नाची. शॅडचे थवे पडद्यावर ढगासारखे दिसतात. थवा आणि त्याच्या खाली किंवा कडेला तुटक मोठ्या खुणा, हे बासचे लक्षण होय.

चौथी पायरी आधाराची. पूर्णपणे मोकळ्या पाण्यापेक्षा बुडालेल्या झाडांचे शेंडे, जुन्या नदीपात्राच्या काठावरील उंचवटे, खोल पाण्यात उतरणाऱ्या कड्यांची टोके यांजवळ मासा अधिक काळ थांबतो. थर्मोक्लाइनची पातळी जेथे अशा रचनेला छेदते, ती जागा प्रथम तपासावी.

सोनारचे वाचन करताना एक भूमितीय बाब लक्षात ठेवावी लागते. ध्वनी शंकूच्या आकारात पसरतो. २० अंशांच्या शंकूचा व्यास ९ मीटर खोलीवर सुमारे ३.२ मीटर होतो. यंत्र केवळ अंतर मोजते. त्यामुळे शंकूच्या कडेला असलेला मासा प्रत्यक्षापेक्षा किंचित खोल दाखविला जातो.

७. पकडण्याचे तंत्र

तळाशी असलेल्या माशासाठी आमिष तळाला टेकले की खोलीचा प्रश्न सुटतो. अधांतरी माशाच्या बाबतीत असा आधार नसतो. आमिष नेमक्या खोलीवर थांबविणे हीच येथील मुख्य अडचण आहे.

त्यावरील सर्वांत साधा उपाय मोजणीचा. बोटीजवळच्या ज्ञात खोलीच्या पाण्यात आमिष सोडून ते तळाला लागेपर्यंतचे सेकंद मोजावेत. आमिष सेकंदाला एक फूट बुडत असेल, तर २५ फुटांसाठी २५ पर्यंत मोजून दोरी आवळावी. दोरीची जाडी बदलली की ही गतीही बदलते, म्हणून मोजणी पुन्हा करावी लागते.

दुसरा उपाय उभ्या रेषेत मासेमारी करण्याचा. 'ड्रॉप-शॉट' मांडणीत वजन दोरीच्या टोकाला आणि गळ त्याच्या वर बांधलेला असतो. त्यामुळे हलके आमिष बोटीच्या थेट खाली हव्या त्या खोलीवर जवळजवळ स्थिर ठेवता येते. सोनारच्या पडद्यावर आमिष व मासा दोन्ही दिसत असल्याने अंतर जुळविणे शक्य होते. चकाकणारा धातूचा चमचा वर उचलून पुन्हा खाली पडू देणे, ही आणखी एक जुनी रीत आहे. खाली फडफडत जाणारा चमचा मरणासन्न शॅडसारखा दिसतो.

तिन्ही पद्धतींत एक नियम समान आहे : आमिष माशाच्या किंचित वर असावे. बास वर पाहून झडप घालतो. खाली गेलेल्या आमिषाकडे तो सहसा दुर्लक्ष करतो. शिवाय अधांतरी मासा बऱ्याचदा निष्क्रिय असतो. थव्यात हालचाल सुरू झाली की मात्र तो अल्पकाळ आक्रमक होतो. म्हणून संयम हा येथील तंत्राचाच भाग ठरतो.

२०१८ मध्ये बाजारात आलेल्या गार्मिन कंपनीच्या लाइव्हस्कोप यंत्राने या चित्रात मोठा बदल घडविला. बोटीच्या पुढील पाण्यातील मासा व त्याची आमिषाला मिळणारी प्रतिक्रिया आता पडद्यावर प्रत्यक्ष दिसू लागली. पूर्वी अधांतरी मासा त्याच्या दुर्लभतेमुळेच सुरक्षित होता. ते संरक्षण आता उरलेले नाही. २०२५ पासून अमेरिकेतील काही व्यावसायिक स्पर्धांनी अशा यंत्रांच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत. त्यामागे खेळातील समतोलाचा विचार जसा आहे, तसा माशांवरील वाढत्या दबावाचा प्रश्नही चर्चेत आहे.

८. वर आणलेल्या माशाचे काय

पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा अमेरिकेत सर्वमान्य झाली आहे. परंतु सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. उन्हाळ्यातील अधांतरी माशाच्या बाबतीत तर ही शंका अधिकच रास्त आहे.

बासचा वाताशय बंद स्वरूपाचा असतो. त्यातील वायूचे प्रमाण रक्ताद्वारे सावकाश, काही तासांच्या अवधीत बदलते. १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे स्थिरावलेला मासा मिनिटभरात वर ओढला, तर बॉइलच्या नियमानुसार वाताशयातील वायू जवळजवळ दुप्पट जागा व्यापू पाहतो. पोट फुगते, डोळे बाहेर येतात, मासा पृष्ठभागावर आडवा तरंगतो आणि खाली जाऊ शकत नाही. त्यात पृष्ठभागाचे पाणी ३० अंशांच्या आसपास असते आणि झुंजीमुळे माशाची प्राणवायूची गरज टिपेला पोहोचलेली असते. ज्या उष्ण पाण्यातून सुटका मिळावी म्हणून तो खाली गेला होता, त्याच पाण्यात त्याला अगतिक अवस्थेत सोडले जाते.

यावर दोन उपाय योजले जातात. प्रशिक्षित व्यक्ती पोकळ सुईने वाताशयातील जादा वायू काढून टाकते. चुकीच्या जागी सुई गेल्यास इतर अवयवांना इजा होते, म्हणून हा उपाय अनुभवी हातांनीच करावयाचा असतो. दुसरा उपाय म्हणजे वजन लावलेल्या चिमट्याने मासा पुन्हा मूळ खोलीपर्यंत नेऊन सोडणे. दाब वाढताच वायू आकसतो व माशाचा तोल सावरतो. परंतु सर्वांत परिणामकारक उपाय पकडण्यापूर्वीचा आहे. खाण्यासाठी मासे ठेवायचे असल्यास नियमाने ठरलेली संख्या पूर्ण होताच थांबावे. केवळ सोडून देण्यासाठी मासेमारी करावयाची असल्यास भर उन्हाळ्यात ३० फुटांखालील मासा लक्ष्य करू नये आणि पहाटेच्या वेळी वर आलेल्या माशावर समाधान मानावे.

९. बदलता उन्हाळा

हा प्रश्न आता केवळ छंदापुरता उरलेला नाही. समशीतोष्ण प्रदेशातील ३९३ सरोवरांच्या नोंदींवर आधारित २०२१ मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे आढळले की, १९८० पासून विरघळलेल्या प्राणवायूत पृष्ठभागाच्या पाण्यात ५.५ टक्के व खोल पाण्यात १८.६ टक्के घट झाली आहे. उन्हाळा लांबला की स्तरीकरण अधिक काळ टिकते आणि तळाची शिदोरी पुरेनाशी होते. वरची मर्यादा उष्णतेने खाली येते, खालची मर्यादा प्राणवायूच्या अभावाने वर येते आणि माशाचा पट्टा दोन्ही बाजूंनी आक्रसतो. पट्टा अरुंद झाला की मासे दाट होतात आणि शोधणे सोपे होते. अशा वेळी मिळणारी विपुल पकड माशांच्या विपुलतेची खूण मानणे ही गंभीर चूक ठरेल. ती त्यांच्या अडचणीचीही खूण असू शकते.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. अधांतरी बास हा योगायोगाने कोठेही थांबलेला मासा नसून उष्णता, प्रकाश, अन्न व प्राणवायू यांच्या मर्यादांनी आखलेल्या पट्ट्याचा तो रहिवासी आहे. त्याचा शोध घेताना थर्मोक्लाइन हा मार्गदर्शक असला, तरी निर्णायक सीमा प्राणवायूची असते व ती प्रत्येक जलाशयात, किंबहुना जलाशयाच्या प्रत्येक फाट्यात स्वतंत्रपणे तपासावी लागते. आणि ज्या दाबाच्या व तापमानाच्या गणितामुळे मासा सापडतो, त्याच गणितामुळे तो वर आणल्यावर संकटात सापडतो.

भौतिकशास्त्रातील घनता, रसायनशास्त्रातील अनुमापन, प्राणिशास्त्रातील वाताशय आणि भूगोलातील जलाशय हे विषय महाविद्यालयात स्वतंत्र तासांना शिकविले जातात. दोरीला बांधलेला तापमापक, पाण्याचे नमुने घेण्याची बाटली व विंकलर अनुमापनाची सामग्री एवढ्या साधनांवर आपल्याकडील खोल जलाशयांचीही अशी उभी नोंद एप्रिल-मे महिन्यांत घेणे शक्य आहे. तेथे बास नाही, परंतु पाण्याचे नियम तेच आहेत आणि त्या पाण्यातील माशांनाही श्वास घ्यावाच लागतो.